चर्चमध्ये सॅक्सोफोन: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात अमेरिकन संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या ‘सेक्रेड कॉन्सर्ट्स’विषयी, म्हणजे त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या दशकात आपल्या जाझ वाद्यवृंदासाठी रचलेल्या तीन धार्मिक मैफलींविषयी, एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये कौतुकापेक्षा शंका अधिक होत्या, आणि त्या इतक्या मुळाला हात घालणाऱ्या होत्या की या वेळचे संपूर्ण सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न: जाझ हे नाइट क्लबमध्ये, मद्य आणि नाच यांच्या संगतीत वाढलेले संगीत आहे, असे आम्ही वाचत आलो आहोत. ते कॅथीड्रलमध्ये वाजवणे ही गर्दी जमवण्यासाठी चर्चने केलेली तडजोड नव्हती का? की एका प्रसिद्ध कलावंताने उतारवयात आपली प्रतिमा उजळून घेण्यासाठी केलेला खटाटोप? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर: आपल्यासारखीच शंका त्या काळात खुद्द अमेरिकेत, आणि तीही एलिंग्टन यांच्या जन्मगावात घेतली गेली होती. १९६६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये अशी मैफल व्हायची होती, तेव्हा तेथील बॅप्टिस्ट धर्मोपदेशकांच्या संघटनेने तिला पाठिंबा देण्यास नकार दिला आणि नाइट क्लबमध्ये वाजवणाऱ्या माणसाने धर्मसंगीत सादर करावे का, हाच आक्षेप घेतला. त्यामुळे आपला प्रश्न गैर आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र घटनाक्रम पाहिल्यावर तडजोड किंवा खटाटोप हे दोन्ही शब्द मला लागू पडत नाहीत.

सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रेस कॅथीड्रलची वास्तू पूर्ण झाल्याचा सोहळा वर्षभर चालू होता आणि त्यात समकालीन संगीताला स्थान द्यावे असे तेथील धर्माधिकाऱ्यांना वाटत होते. त्याच मालिकेत २१ मे १९६५ रोजी पियानोवादक व्हिन्स ग्वाराल्डी यांनी जाझच्या अंगाने बांधलेली उपासना सादर केली आणि १६ सप्टेंबर १९६५ रोजी एलिंग्टन यांची पहिली धार्मिक मैफल झाली. एलिंग्टन त्या वेळी ६६ वर्षांचे होते. जगभर नाव झालेले होते आणि कोणत्याही चर्चच्या प्रशस्तिपत्राची त्यांना गरज उरलेली नव्हती. लहानपणी दर रविवारी ते दोन चर्चमध्ये जात असत, कारण वडिलांचे चर्च मेथडिस्ट परंपरेतले होते आणि आईचे बॅप्टिस्ट. बायबल त्यांनी अनेकदा आद्योपांत वाचले होते. आजवर आपण गुडघे टेकून मनातल्या मनात जे म्हणत आलो ते आता उघडपणे म्हणता येईल, अशा आशयाचे उद्गार त्यांनी या निमंत्रणाविषयी काढले, आणि या मैफली म्हणजे आपल्या हातून झालेले सर्वांत महत्त्वाचे काम, असे ते अखेरपर्यंत सांगत राहिले.

यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की कॅथीड्रलमध्ये जायचे म्हणून त्यांनी आपल्या वाद्यवृंदाला दुसरा आवाज दिला नाही. एलिंग्टन ‘पहिला सॅक्सोफोन’, ‘दुसरा ट्रम्पेट’ असे ढोबळपणे लिहीत नसत. कोणता वादक वाजवणार आहे हे डोळ्यांसमोर ठेवून त्याच्या नावाने ते स्वर लिहीत. पहिल्या मैफलीतील मुख्य रचना बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातील आरंभीच्या शब्दांवर बेतलेली आहे. मूळ इंग्रजी शब्दांत सहा अक्षरोच्चार आहेत, म्हणून सुरावटही सहा स्वरांची आहे, आणि ती हॅरी कार्नी यांच्या बॅरिटोन सॅक्सोफोनवर उमटते. कार्नी १९२७ पासून या वाद्यवृंदात होते आणि १९७४ पर्यंत तिथेच राहिले. ज्या जाड, उबदार, किंचित खरखरीत स्वराने त्यांनी हजारो रात्री नाचणाऱ्या लोकांसाठी वाजवले, त्याच स्वराने ते सृष्टीच्या आरंभाची ती ओळ वाजवतात. पुढे त्याच रचनेत गायकवृंद बायबलमधील पुस्तकांची नावे एकामागून एक उच्चारतो, कॅट अँडरसन यांचा ट्रम्पेट जवळपास कानाच्या पलीकडे जाणाऱ्या उंचीपर्यंत चढत जातो आणि लुई बेल्सन यांचा प्रदीर्घ ड्रमवादनाचा भाग येतो. हे सारे क्लबमध्येही ऐकायला मिळत होते. येथे ते कशासाठी वाजवले जात आहे एवढेच बदलले होते, आणि वादकांनी ते जाणले होते.

त्याच मैफलीत दावीद राजा देवापुढे सर्व शक्तीनिशी नाचला या बायबलमधील प्रसंगावर एक रचना आहे. तिच्यासाठी बनी ब्रिग्ज या टॅप नर्तकाला वेदीच्या समोर उभे केले गेले आणि बुटांच्या टाचांनी व चवड्यांनी त्याने अख्खी रचना नाचून दाखवली. चर्चमध्ये नाच कशाला असे विचारणाऱ्यांना बायबलच उत्तर देत होते. गंमत अशी की या वेगवान नाचाखालची सुरावट एलिंग्टन यांच्या ‘कम संडे’ या अत्यंत संथ गीताची आहे. लय बदलताच विनवणीचे रूपांतर आनंदात होते. त्या दिवशी श्रोत्यांमध्ये नियमित उपासक होते तसे केवळ एलिंग्टन यांचे चाहते म्हणून आलेले लोकही होते, आणि यांपैकी कोणा एका गटासाठी कार्यक्रम सोपा किंवा पातळ केलेला नव्हता.

प्रश्न: आम्ही वसईतील एका धर्मग्रामात कॉयरमध्ये गातो. स्पिरिच्युअल, गॉस्पेल आणि जाझ यांत नेमका फरक काय, आणि हे तिन्ही एकत्र कसे येतात? आमच्यासारख्या मंडळाने मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनाविधीत) असे काही करून पाहावे का? (कॉयरमधील दोन भगिनी, वसई)

उत्तर: आपण गाणाऱ्या आहात म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देते.

स्पिरिच्युअल ही गुलामगिरीत जगलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांची सामूहिक गीते. त्यांना एक असा रचनाकार नाही आणि मुळात ती वाद्यांशिवाय गायिली जात. ती जगासमोर आली ती नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातील विद्यार्थ्यांमुळे. मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेले हे विद्यापीठ कर्जात बुडाले होते, म्हणून ऑक्टोबर १८७१ मध्ये ‘फिस्क ज्युबिली सिंगर्स’ हा नऊ गायकांचा चमू निधी गोळा करण्यासाठी दौऱ्यावर निघाला. ही गीते परक्यांसमोर गाण्यास हे तरुण आरंभी तयार नव्हते. आपल्या आईवडिलांच्या दुःखाशी आणि प्रार्थनेशी जोडलेली ती खासगी ठेव आहे, अशी त्यांची भावना होती, आणि त्यांच्यातील पियानोवादक एला शेपर्ड यांनी ती नोंदवून ठेवली आहे. पवित्र संगीत अनोळखी श्रोत्यांपुढे न्यायचे म्हणजे काय सोसावे लागते याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. पुढे १८७३ मध्ये राणी व्हिक्टोरियासमोर ते गायले आणि त्यांच्या गाण्याच्या कमाईतून उभी राहिलेली ‘ज्युबिली हॉल’ ही इमारत आजही त्या विद्यापीठात आहे.

गॉस्पेल हा विसाव्या शतकातील, शहरात स्थलांतरित झालेल्या कृष्णवर्णीय समाजाचा प्रकार. त्याचे जनक मानले जाणारे थॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) हे आधी ब्लूज गायिका मा रेनी यांचे पियानोवादक होते. १९३२ मध्ये बाळंतपणात त्यांची पत्नी गेली, पाठोपाठ नवजात मुलगाही गेला, आणि त्या शोकातून त्यांनी ‘प्रेशस लॉर्ड’ हे गीत लिहिले. ब्लूजचे स्वर आणि ठेका त्यांनी चर्चमध्ये आणला तेव्हा शिकागोतील अनेक चर्चनी त्यांना दार दाखवले. म्हणजे आज ज्याला आपण निर्विवादपणे चर्चचे संगीत समजतो तेही एकेकाळी क्लबमधून आलेले म्हणून नाकारले गेले होते.

आता प्रत्यक्ष गाण्यातला फरक. गॉस्पेल गायकवृंद बहुधा सोप्रानो, अल्टो आणि टेनर अशा तीनच भागांत गातो. स्वतंत्र बास भाग सहसा नसतो. स्वरलिपी क्वचितच हातात असते. संचालक एकेक ओळ गाऊन शिकवतो आणि मंडळी ती कानाने उचलतात. गाणे शिगेला पोहोचले की एखादी छोटी ओळ पुन्हा पुन्हा घेतली जाते, आणि ती किती वेळा घ्यायची, कधी एक पट्टी वर चढायचे, कधी एकदम थांबायचे, हे संचालक हाताच्या खुणांनी त्या क्षणी ठरवतो, कारण ते समोरच्या उपासकांच्या प्रतिसादावर अवलंबून असते. आपल्याकडे कीर्तनात बुवा आणि टाळकरी एकमेकांकडे पाहून ध्रुपद वाढवतात तसेच हे आहे. जाझ वाद्यवृंदात मात्र पंधरा-सोळा वादकांसाठी आधीच लिहिलेली रचना असते आणि तिच्यात ठरावीक मात्रांची जागा एकेका वादकाच्या उत्स्फूर्त वादनासाठी मोकळी ठेवलेली असते. त्यामुळे दोन्ही मंडळे एकत्र बसवताना खरी अडचण सुरांची नसून थांबण्याची असते. गायकवृंदाला अजून चार आवर्तने हवी असतात आणि वाद्यवृंदाचा कागद संपलेला असतो. चांगली मंडळे यावर साधा उपाय करतात: तेवढा भाग कागदावर खुला ठेवतात आणि बाहेर पडण्याची खूण एकाच व्यक्तीकडे सोपवतात.

मिस्साविषयी मात्र एक भेद नीट लक्षात ठेवावा. एलिंग्टन यांच्या रचना मैफलीसाठी होत्या, उपासनाविधीसाठी नव्हत्या. विधीसाठी लिहिलेल्या जाझचे उदाहरण हवे असेल तर मेरी लू विल्यम्स यांच्याकडे पाहावे. ही थोर पियानोवादिका १९५७ मध्ये कॅथलिक झाली आणि तिने रचलेली मिस्सा १८ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये सादर झाली. तिच्या रचनेत विधीचा क्रम अबाधित आहे. वाद्ये शब्दांची वाट पाहतात. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषा आणि स्थानिक संगीत यांना उपासनेत जागा दिली, तिच्यामुळेच आपल्या मिस्सा मराठीत आल्या आणि तिच्यामुळेच मेरी लू यांनाही वाट मिळाली. त्याच्याही कितीतरी आधी, १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि भजने दिली होती. तेव्हा परंपरेचे पाठबळ आपल्याकडे आहेच.

करून पाहायचे असल्यास धर्मगुरूंशी आधी बोलून प्रवेशगीत किंवा समारोपगीत निवडावे; अर्पणविधीच्या भागाला सुरुवातीलाच हात घालू नये. टाळ्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर न देता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर देण्याचा सराव करावा, कारण गॉस्पेलचा सारा झोक तिथेच आहे आणि आपल्या हाताला समेवर टाळी देण्याची सवय असल्यामुळे हे वाटते तितके सोपे नाही. आपल्या चर्चमध्ये आवाज फार घुमत असेल तर ड्रम्सवर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश वापरावेत; उंच छताखाली प्रत्येक ठोका पुढच्या ठोक्यात मिसळतो आणि शब्द कळेनासे होतात. शब्द हरवले तर उपासनेचे काहीच उरत नाही.

प्रश्न: एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात पॉल गोन्साल्विस नावाचे सॅक्सोफोनवादक होते. ते मूळचे गोव्याचे होते का? आणि हे कलावंत आपल्या बाजूला कधी आले होते का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: आडनावामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे, परंतु पॉल गोन्साल्विस यांचे घराणे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या केप व्हर्दे बेटांवरचे, म्हणजे नाव पोर्तुगीज सत्तेतूनच आलेले, पण किनारा वेगळा. ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वाढले. १९५६ च्या न्यूपोर्ट महोत्सवात त्यांनी सलग २७ आवर्तने वाजवून एलिंग्टन यांच्या मावळत्या लोकप्रियतेला पुन्हा उभारी दिली होती. तिसरी धार्मिक मैफल २४ ऑक्टोबर १९७३ रोजी, संयुक्त राष्ट्र दिनी, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये झाली, तेव्हा ऐनवेळच्या आजारपणामुळे ते वाजवू शकले नाहीत. एलिंग्टन स्वतःही कर्करोगाने खंगले होते. पुढच्या मे महिन्यात, नऊ दिवसांच्या अंतराने, दोघेही गेले.

एलिंग्टन भारतात आले ते १९६३ मध्ये, अमेरिकन परराष्ट्र खात्याने आखलेल्या दौऱ्यावर. दिल्लीत ते आजारी पडले आणि काही दिवस रुग्णालयात होते, पण पुढे मुंबईतही त्यांचे कार्यक्रम झाले. धार्मिक मैफली त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झाल्या, त्यामुळे त्या भारताने ऐकलेल्या नाहीत. गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन मात्र १९७१ मध्ये भारतात येऊन गायल्या आणि दिल्लीतील त्यांच्या गायनाला पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या. महालिया यांचे निधन लगेच, जानेवारी १९७२ मध्ये झाले, म्हणजे त्यांचा पूर्ण पिकलेला आवाज आपल्या लोकांनी ऐकला.

गोव्याचा खरा संबंध दुसऱ्या बाजूने आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन आणि गायन शिकवले जाई, आणि तेथे तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या हॉटेलांतील जाझ वाद्यवृंदांत आणि हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत गेले. अँथनी गोन्साल्विस, सॅबेस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट या नावाने गाजलेले अंतोनियो झेवियर वाझ ही त्यांतली मोठी नावे. ज्या हातांनी चर्चमध्ये स्तोत्रांची साथ केली त्याच हातांनी रात्री बॉलरूममध्ये स्विंग वाजवले. वॉशिंग्टनच्या धर्मोपदेशकांना जो पेच पडला तो या माणसांनी गाजावाजा न करता रोजच्या जगण्यात सोडवलेला होता.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझा मुलगा हायस्कूलच्या जाझ बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो आणि त्यांचा बँड गावातील एका चर्चच्या गायकवृंदासोबत ‘कम संडे’ सादर करणार आहे. माझ्या सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. त्यांचा विरोध नाही, पण ‘दुसऱ्यांच्या देवळात आपल्या मुलाने त्यांची प्रार्थना वाजवायची, तर त्याने ती मनापासून वाजवायची की नुसती वाजवायची?’ असे त्यांनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. (एक आई, एडिसन)

उत्तर: आपल्या सासूबाईंनी या संपूर्ण विषयाचा गाभाच विचारला आहे. त्यांना माझा आदरपूर्वक नमस्कार सांगावा.

‘कम संडे’ मूळात कोणत्याही उपासनेसाठी लिहिलेले नाही. २३ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एलिंग्टन यांनी ‘ब्लॅक, ब्राऊन अँड बेज’ ही कृष्णवर्णीय अमेरिकनांचा इतिहास सांगणारी दीर्घ रचना सादर केली. तिच्यात हा भाग येतो आणि तेव्हा तो शब्दांविना, जॉनी हॉजेस यांच्या आल्टो सॅक्सोफोनवर होता. आठवडाभर राबणाऱ्या गुलामांना रविवारी जी थोडी उसंत मिळे तिच्याविषयीची ही सुरावट आहे. म्हणून आपल्या मुलाला प्रथम हा इतिहास नीट समजावा. ज्यांना चर्चच्या आत बसू दिले जात नव्हते आणि जे बाहेर उभे राहून आतले गाणे ऐकत, त्यांची ही प्रार्थना आहे, हे एलिंग्टन स्वतः सांगत असत. हे कळल्यावर ती नुसती वाजवणे कोणत्याही संवेदनशील मुलाला अवघड जाईल, आणि मनापासून वाजवण्यासाठी त्याला आपली श्रद्धा बदलावी लागणार नाही.

एलिंग्टन यांनी स्वतः हा प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. त्यांचा वाद्यवृंद ठरलेला असे, पण गायकवृंद बहुतेक वेळा ज्या गावी मैफल असेल तिथला घेतला जाई. त्यामुळे एपिस्कोपल कॅथीड्रल, प्रेस्बिटेरियन चर्च, इंग्लंडमधील कॉव्हेंट्री कॅथीड्रल, कॅलिफोर्नियातील ज्यू प्रार्थनामंदिर अशा ठिकाणी वेगवेगळ्या पंथांची माणसे एकाच रचनेत उभी राहिली. वादकांतही सगळे सारखे धार्मिक नव्हते. एलिंग्टन यांनी कोणाकडूनही श्रद्धेची कबुली मागितली नाही. प्रत्येकाने आपल्या हाताशी असलेले सर्वांत चांगले वादन द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. तिसऱ्या मैफलीतील एका रचनेचे नावच ‘प्रत्येक माणूस आपापल्या भाषेत प्रार्थना करतो’ या अर्थाचे आहे.

दुसऱ्या मैफलीत, १९ जानेवारी १९६८ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये, एलिंग्टन यांनी आपले दिवंगत सहकारी बिली स्ट्रेहॉर्न ज्या चार स्वातंत्र्यांनुसार जगले ती म्हणून दाखवली: द्वेषापासून मुक्ती, स्वतःची कीव करण्यापासून मुक्ती, आपल्यापेक्षा दुसऱ्याचे अधिक भले होईल असे काही करण्याच्या भीतीपासून मुक्ती, आणि आपण आपल्या भावापेक्षा श्रेष्ठ आहोत असे वाटायला लावणाऱ्या गर्वापासून मुक्ती. हे चारही मुद्दे सासूबाईंना वाचून दाखवावेत. त्यांतले परके काही आहे असे त्या म्हणणार नाहीत, असा माझा विश्वास आहे.

व्यवहाराचे म्हणाल तर कार्यक्रमाला सासूबाईंना अवश्य न्यावे. मंडळी उभी राहिली तर उभे राहावे, न राहिल्यासही कोणी वावगे मानत नाही. प्रसाद म्हणून भाकर आणि द्राक्षरस देण्याचा विधी असल्यास तो त्या पंथाच्या लोकांसाठी असतो. तेव्हा जागेवर शांत बसून राहणे हेच सौजन्य. मुलाला एवढेच सांगावे की गायकवृंद गात असताना ट्रॉम्बोनचा भाग शब्दांच्या खाली ठेवावा आणि श्वास ओळीच्या मधोमध तोडू नये. ही सुरावट फार संथ आहे, आणि तरुण वादक घाई करतात ते नेमके तिथेच.

प्रश्न: मी नास्तिक आहे. भक्तिसंगीत मला आवडते, पण सभागृहात तिकीट काढून प्रार्थना ऐकण्यात काहीतरी खोटे आहे असे वाटत राहते. गायकांनाही तसे वाटत असेल का? आणि सुरुवात कोणत्या ध्वनिमुद्रणाने करावी? (एक अभियंता, कोल्हापूर)

उत्तर: काहींना वाटले आणि त्यांनी आपली सीमारेषा आखली. महालिया जॅक्सन यांनी मोठे मोबदले नाकारून नाइट क्लबमध्ये कधीही न गाण्याचा नियम पाळला. कार्नेगी हॉलमध्ये मात्र त्या १९५० मध्ये गायल्या आणि १९५८ च्या न्यूपोर्ट जाझ महोत्सवात, शनिवारची मध्यरात्र उलटून रविवार लागल्यावर, उघड्यावर बसलेल्या मिश्र श्रोत्यांसमोर त्यांनी प्रभूची प्रार्थना गायिली. गॉस्पेल गायिका सिस्टर रोझेटा थार्प यांनी नेमकी उलट वाट धरली. १९३८ मध्ये गिटार घेऊन त्या न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइट क्लबमध्ये उभ्या राहिल्या, आणि चर्चमधील अनेकांचा रोष त्यांनी पत्करला. दोघींपैकी कोणी चूक होती असे मला वाटत नाही. जिथे लोक ऐकतात तिथे गावे, असे महालिया यांचे मत होते. जिथे लोक ऐकत नाहीत तिथेच जायला हवे, असे रोझेटा यांच्या वागण्यातून दिसते.

न्यूयॉर्कचे लूथरन धर्मगुरू जॉन गेन्सेल यांची कामगिरी इथे सांगायलाच हवी. रात्रभर क्लबमध्ये वाजवून पहाटे झोपणाऱ्या वादकांना रविवारी सकाळी चर्चला येणे जमत नसे, म्हणून त्यांनी जाझच्या साथीने होणारी संध्याकाळची उपासना सुरू केली. त्यांच्यासाठी एलिंग्टन यांनी ‘रात्रीच्या कळपाची राखण करणारा मेंढपाळ’ अशा नावाची रचना दुसऱ्या मैफलीत घातली. ट्रम्पेटवर कूटी विल्यम्स आहेत. वाद्याच्या तोंडाशी रबरी वाटी उघडमीट करत ते जो घोगरा, बोलल्यासारखा आवाज काढतात तो ऐकताना आपल्याला श्रद्धा आहे की नाही याचा विचार मनात येत नाही. आपण तिकीट काढले म्हणून त्या वादनातील भाव खोटा होत नाही, आणि आपण नास्तिक आहात म्हणून तो आपल्यासाठी बंदही होत नाही. लक्षपूर्वक ऐकणे एवढीच सभागृहातील श्रोत्याची जबाबदारी आहे.

सुरुवात १९५८ च्या ‘ब्लॅक, ब्राऊन अँड बेज’च्या ध्वनिमुद्रणाने करावी, ज्यात महालिया एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदासोबत ‘कम संडे’ आणि २३ वे स्तोत्र गातात. ‘कम संडे’च्या अखेरीस त्या शब्द सोडून नुसत्या गुणगुणतात, तेवढा भाग हेडफोन लावून ऐकावा. त्यानंतर दुसरी धार्मिक मैफल घ्यावी. ती लांब आहे आणि सगळीकडे सारखी उंचीची नाही. एलिंग्टन यांनी स्वतः लिहिलेले शब्द काही ठिकाणी बाळबोध वाटतात, आणि सलग ऐकण्याचा अट्टहास धरला तर आपण मध्येच सोडून द्याल. म्हणून आधी स्वीडिश गायिका ॲलिस बॅब्स यांची गाणी ऐकावीत, विशेषतः त्यांनी शब्दांशिवाय, नुसत्या स्वरांवर गायिलेली रचना. मग शेवटचा भाग घ्यावा. तो १५० व्या स्तोत्रावर आधारलेला आहे, ज्यात कर्णा, वीणा, डफ, झांजा आणि नृत्य यांनी देवाची स्तुती करा असे सांगितले आहे. मराठी बायबलमध्ये ते स्तोत्र अर्ध्या पानाचेही नाही. आधी ते वाचून मग ऐकले तर कोणते वाद्य केव्हा आणि का येते ते आपोआप उलगडत जाईल.